पायरीवरचं पोर

३ मार्च, मंगळवार

बाबांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासण्या ठीक. एक गोळी वाढली. मग त्या फॉर्म भरायला बसल्या.

"आजोबा, तुमच्या वडिलांना हृदयाचा काही त्रास?"

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा गेले ते. कशाने, ते मला कुणी सांगितलं नाही."

"आणि त्यांचे आईवडील?"

बाबा हसले. कवळी नेहमीप्रमाणे घरी वाटीत. त्यामुळे हसू भलतंच मोकळं. म्हणाले, "आमचं घराणं माझ्या बापापासून सुरू होतं. त्याच्या आधी एक पायरी आहे, बस."

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं. जन्मापासून ऐकत आलेय. माझ्या आजोबांना कुणीतरी बेकरीच्या पायरीवर ठेवून निघून गेलं, बेकरीवाल्यांनी वाढवलं. आमचा इतिहास एवढाच. आजोबा गेल्यावर त्याहून जास्त सांगणारं कुणी उरलं नाही. बाबांना शाळेत 'पायरीवाला' म्हणायचे. ते स्वतःच हे हसत हसत सांगतात. पण आज फॉर्मवर तीन आडव्या रेघा ओढल्या गेल्या आणि बाबा त्या रेघांकडे बघत राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. शाळेतून नुकतंच मार खाऊन आल्यासारखा चेहरा.

शोधायचं. ठरलं.

५ मार्च, गुरुवार

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मेलेल्यांना उठवून काय चहा पाजणार आहेस?" थोड्या वेळाने पेपरामागून, "आणि ज्यांनी टाकलं त्यांना आपण का शोधायचं? शोधायचं होतं तर त्यांनी."

 मी त्यांच्या शब्दकोड्यातला एक शब्द सांगून सुटका करून घेतली. तोही चुकला.

९ मार्च, सोमवार

सोमवारी आमची दातांची लॅब बंद असते. म्हणजे माझा दिवस. सरकारी दफ्तरखान्यात गेले.

तळमजल्यावर लांबट खोली. सहा टेबलं, प्रत्येकावर हिरवा दिवा. कागद पिवळे, भिंती पिवळ्या, काउंटरवरचे गृहस्थही जरासे पिवळेच. गळ्यात मफलर. खोलीत उकडत होतं, तरी मफलर. त्यांनी माझ्या पर्सकडे बघून म्हटलं, "पेन बाहेर. पेन्सिल चालेल. बोट ओलं करून पान उलटायचं नाही. काय हवंय?"

"आमचे पूर्वज," मी म्हटलं.

"सगळ्यांना तेच हवे असतात. पत्ता?"

पत्ता होता. बाबांच्या जन्मदाखल्यावर वडिलांचा धंदा 'पाव भाजणे' आणि राहणार 'कालव्यामागची गल्ली'. मफलरवाले म्हणाले, शिरगणतीची बाडं गल्लीवार लावलेली आहेत, नावावार नाहीत. म्हणजे नाव ठाऊक असून उपयोग नाही, घरं एकेक करून चालत जायचं. त्यांनी बाड आणून दिलं. लहान मूल झोपलेलं असावं तसं दोन्ही हातांवर धरून.

दिवसभर चालले. कालव्यापुढची गल्ली सगळी पालथी घातली. एकशे बारा घरं. लोहार, शिंपी, दोन विधवा बहिणी, एक 'धंदा: काही नाही, गातो'. संध्याकाळी चार वाजता कळलं, मला हवी ती गल्ली 'कालव्यामागची', आणि मी वाचली ती 'कालव्यापुढची'.

मफलरवाल्यांना हे सकाळपासून दिसत होतं! "सांगितलं का नाहीत?" म्हटलं. तर म्हणाले, "तुम्ही इतक्या मन लावून वाचत होतात."

१२ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये वरची पूर्ण कवळी, खालच्या तीन. मेण कापताना मनात घर नंबरच चालू होते. एका बाईंच्या सुळ्याच्या जागी दाढ लावली. लक्षात आलं म्हणून बरं. नाहीतर बिचारीला खुशाल पान चघळणाऱ्या प्राण्यासारखं हसावं लागलं असतं.

१६ मार्च, सोमवार

सापडले!

घर नंबर चौदा. बेकरी. पहिली ओळ — कुटुंबप्रमुख, पुरुष, वय चव्वेचाळीस, पाव भाजतो. दुसरी — बायको, एकोणचाळीस. तिसरी — आजोबांचं नाव. वय तेरा. नातं: 'मुलगा, पाळलेला'.

आजोबांचा मी एकच फोटो बघितला आहे. त्यात ते टोपी घालून कॅमेऱ्याकडे संशयाने बघतात. त्यांना तेरा वर्षांचं असताना भेटेन असं वाटलं नव्हतं. 'वाचता येतं: होय.' माझी मान उगीच ताठ झाली.

आणि मग समासात, बारीक अक्षरात, तिरकं लिहिलेलं — 'कोर्टाच्या हुकुमाने.'

मफलरवाल्यांना दाखवलं, पायरीची गोष्टही सांगितली. त्यांनी भिंग काढलं, वाचलं, मफलर सैल केला. "पायरीवर सापडलेल्या मुलासाठी कोर्ट लागत नाही," ते म्हणाले. "पोलिसांत नोंद करायची, झालं. कोर्टाचा हुकूम म्हणजे समोर कुणीतरी होतं. कुणीतरी भांडलं."

येताना बसमध्ये एवढंच डोक्यात. कुणीतरी भांडलं.

१७ मार्च, मंगळवार

बाबांना अजून सांगितलं नाही. 'ह्यांना' सांगितलं. हे म्हणाले, "भांडलं म्हणजे बेकरीवाल्यांशीच ना? मग जिंकलं कोण?" मी म्हटलं, "हरलं असणार. पोर बेकरीतच राहिलं." हे उठले. कुंडीतली माती उकरत बसले. रोपवाटिका सोडून तीन वर्षं झाली तरी विचार करायचा असला की ह्यांना माती लागते.

२३ मार्च, सोमवार

कोर्टाची कागदपत्रं वरच्या मजल्यावर. सूचीच्या वह्या पाहिल्या. शिरगणतीच्या आधीची सात-आठ वर्षं चाळली. दुपारी मिळालं: 'मुलाचा ताबा मिळणेबाबत.' वादी — एक विधवा, धंदा कपडे धुणे. प्रतिवादी — चौदा नंबरचे बेकरीवाले नवराबायको.

वादी म्हणजे दावा लावणारी. म्हणजे माझी पणजी. कपडे धुणारी. पहिल्यांदाच तिचं नाव वाचलं. पेन्सिलने वहीत उतरवलं, मग पुन्हा उतरवलं, दुसऱ्यांदा नीट अक्षरात.

फाइल गोदामातून यायला आठवडा लागेल.

२६ मार्च, गुरुवार

आठवडा फार लांब असतो.

३० मार्च, सोमवार

फाइल आली. दोरीने बांधलेली, पाठीला वाळवीची दोन भोकं. मफलरवाल्यांनी दोरी सोडून दिली आणि त्यांच्या जागेवर जाऊन बसले, पण त्यांचं कामात लक्ष नव्हतं. मला दिसत होतं.

पणजीची जबानी सहा पानं. कोर्टाच्या कारकुनाने लिहिली आहे, तरी मधूनच तिचा आवाज त्याच्या भाषेतून निसटून बाहेर येतो. जेवढं उतरवलं तेवढं इथे —

'माझा नवरा कालव्यात बुडून वारला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. मी घरोघरचे कपडे धुते. बेकरीची पिठाची फडकीही मीच धुवत असे. त्यावरून ओळख. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा मला छातीचा रोग झाला. डॉक्टरांनी गावाबाहेरच्या दवाखान्यात टाकले. तिथे मुलांना नेऊ देत नाहीत. बेकरीवालीला मूल नव्हते. ती म्हणाली, माझ्याकडे ठेव, तू बरी होऊन ये. मी ठेवला. मी दोन वर्षांनी बरी होऊन आले.'

मग कोर्टाने विचारलेलं दिसतं, कारण उत्तर एकदम येतं — 'नाही. मी त्याला पायरीवर ठेवला नाही. पायरीवर पाव ठेवतात. मी त्याला तिच्या कडेवर दिला. त्याच्या खिशात एक लाकडी बटण होते, ते तो झोपताना हातात धरतो, हेही तिला सांगितले.'

इथे मला पेन्सिल खाली ठेवावी लागली.

पायरी आली कुठून, ते दोन पानं मागे सापडलं. बेकरीवाल्यांच्या वकिलाचं निवेदन: 'वादी हिने सदर बालक प्रतिवादी यांच्या दुकानाच्या पायरीवर टाकून पोबारा केला.' वकिलाला खटला जिंकायचा होता. त्याने एक वाक्य केलं. ते वाक्य कोर्टातून गल्लीत गेलं, गल्लीतून शाळेत, शाळेतून बाबांच्या तोंडात. शंभर वर्षं आमच्या घरात एका वकिलाचं वाक्य राहत होतं.

मफलरवाले पाच वाजता आले. "उद्या ठेवू बाहेर?" म्हटलं, ठेवा. रजा टाकते.

३१ मार्च, मंगळवार

लॅबवाल्यांना सांगितलं, दात दुखतोय. दातांच्या लॅबमध्ये हे सांगायला काय तोंड लागतं ते माझं मलाच ठाऊक.

आज बेकरीवालीची जबानी. मी तिच्यावर दात ओठ खाऊनच बसले होते. दुसऱ्याचं पोर लाटणारी बाई.

ती म्हणते —

'मूल माझे नाही हे मला माहीत आहे. मला कोणी विसरू देत नाही. ती दवाखान्यात गेली तेव्हा तो तीन महिने तिला शोधत होता. मग शोधायचा थांबला. मग मला आई म्हणू लागला. मी त्याला शिकवले नाही. त्याला कोरडा खोकला येतो, तो मला भिंतीपलीकडून ओळखू येतो. ती परत आली तेव्हा तीन दिवस मी दार उघडले नाही. ही माझी चूक झाली. पण उघडून काय करायचे ते मला सुचेना.'

त्यांच्याच वकिलाने विचारलं असणार, मूल कुठे सापडलं. सगळी केस या एका उत्तरावर उभी होती. तिने उत्तर दिलं आहे: 'पायरीवर नाही. तिने माझ्या हातात दिला. वकीलसाहेब म्हणतात ते तसे झाले नाही.'

पुढे कारकुनाने कंसात लिहिलंय: 'साक्षीदार रडते.'

आपल्याच विरुद्ध खरं बोलली. पोर हातचं जाईल हे ठाऊक असताना.

मी फाइल बंद केली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मला जे वाटलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. मी पणजीसाठी रडायला हवं होतं. मी बेकरीवालीसाठी रडत होते.

आमची मुलगी, खारू, आमच्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती. दत्तक, संस्थेतून आणली. हे आम्ही तिच्यापासून कधी लपवलं नाही. तिला गोष्ट कळू लागल्यापासून तिची गोष्ट तिला सांगत आलो. नऊ वर्षांची असताना तिने एकदा विचारलं, "ती कशी दिसायची?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते खरंच होतं. त्यानंतर कधी विषय काढला नाही तिने. आता सव्वीस वर्षांची आहे, लिफ्ट दुरुस्त करते, दहाव्या मजल्यावर लोखंडी दोरांमध्ये लोंबकळते आणि मला फोन करून विचारते, भातात पाणी किती घालू. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मला एका बाईची आठवण येते जिला मी बघितलेलं नाही.

ती बाई कधी दारात आली असती, तर मी उघडलं असतं?

१ एप्रिल, बुधवार

दात दुखतोय म्हटलं ते देवानं ऐकलं. खरंच दुखतोय.

५ एप्रिल, रविवार

खारू रविवारची जेवायला आली. जेवण झाल्यावर मी वही आणली आणि बाबांना म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं. मग हवं तर पेपर वाचा." दोन्ही जबान्या वाचून दाखवल्या.

'पायरीवर पाव ठेवतात' या वाक्यावर बाबांनी हात वर केला. "परत वाच." परत वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचलं. मग ते उठले, आत गेले. बराच वेळ झाला.  परत आले तर कवळी घालून आले होते. नीट खुर्चीत बसले. "हं, आता पुढचं वाच." चांगल्या पाहुण्यासमोर बसावं तसे.

शेवटी म्हणाले, "टाकलं नव्हतं."

"नाही, बाबा."

"कडेवर दिलं होतं."

"हो."

"शाळेतली ती सगळी पोरं मेली असतील आता," बाबा म्हणाले. "सांगायचं कुणाला?" मग स्वतःच हसले. कवळी खटकन वाजली.

हे म्हणाले, "बेकरीवाले मात्र चोर निघाले." मी काही बोलायच्या आत खारू ह्यांना म्हणाली, "चोर कुठे, बाबा? चोराने कोर्टात असं सांगितलं असतं का?" आणि माझ्याकडे वळून, "आई, त्या बेकरीवालीचं परत वाच ना. खोकल्याचं."

वाचलं. माझा आवाज बरा राहिला.

६ एप्रिल, सोमवार

निकालपत्र. न्यायाधीशांनी मुलालाही बोलावलं होतं. साडेपाच वर्षांचा. नोंद अशी आहे: 'बालकास विचारले की कोणाकडे राहू इच्छितो. बालकाने सांगितले की त्यास भूक लागली आहे. कामकाज एक तास थांबविण्यात आले.' तासाभराने पुन्हा विचारलं. 'बालक झोपी गेले आहे.' मग न्यायाधीशांनी त्याला विचारायचा नाद सोडला. शहाणा माणूस.

निकाल: आईची तब्येत आणि एकटेपण पाहता मुलाने सज्ञान होईपर्यंत बेकरीत राहावं. टाकून दिल्याचा आरोप 'प्रतिवादीच्याच साक्षीने खोटा ठरला असून काढून टाकण्यात येत आहे'. आईला दर रविवारी एक तास भेट.

म्हणजे पणजी हरली. पण त्या कोर्टाने तिचं नाव धुऊन दिलं होतं. गल्लीने ते ऐकलं नाही, एवढंच.

मी मफलरवाल्यांना म्हटलं, "संपलं." ते म्हणाले, "फाइल संपली. बाई संपली का? शिरगणतीत ती कुठे आहे?"

मला इतकं साधं कसं सुचलं नव्हतं.

१० एप्रिल, शुक्रवार

दात काढला. आमच्याच लॅबला कवळीचं काम देणाऱ्या डॉक्टरांनी. "घरचंच काम," म्हणाले. विनोद बरा होता, पण हसता आलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

कुठे आहे म्हणून सगळं शहर शोधायची तयारी करून गेले होते. डबा दोन वेळचा.

ती त्याच पानावर होती. घर नंबर सोळा. मी मार्चमध्ये त्या ओळीवरून बोट फिरवून पुढे गेले होते! बेकरीच्या दोन घरं पलीकडे. एक खोली, एकटी बाई, वय अडतीस, कपडे धुते. खटल्याच्या वेळचा तिचा पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा होता. म्हणजे हरल्यावर ती उठून इथे राहायला आली. कोर्टाने आठवड्याचा एक तास दिला. बाकीचे तास तिने स्वतः मिळवले. खिडकीतून शाळेत जाताना दिसत असणार, कालव्यावर खेळताना दिसत असणार.

बायकांसाठी एक वेगळा रकाना आहे: 'हयात मुले.' तिच्यापुढे — एक.

शिरगणतीवाला दारात उभा, वही उघडलेली. खोलीत दुसरं कुणी नाही. विचारतो, मुलं किती? आणि ती सांगते, एक.

मफलरवाल्यांनी मला चहा आणून दिला. खोलीत चहा आणायला बंदी आहे. तशी पाटीच आहे भिंतीवर. मी पाटीकडे बघितलं तर म्हणाले, "ती मीच लावलीय."

१४ एप्रिल, मंगळवार

बाबांनी आपण होऊन विचारलं, "कपडे धुणाऱ्या बाईचं काय झालं?" पहिल्यांदाच. सोळा नंबर सांगितलं. बाबा म्हणाले, "दोन घरं म्हणजे किती? पन्नास पावलं?" मग अंगणात जाऊन पावलं मोजून आले.

२० एप्रिल, सोमवार

पुढची शिरगणती, दहा वर्षांनंतरची. आज बाबा स्वतः आले. काठी, टोपी, कवळी. मफलरवाल्यांनी उठून खुर्ची दिली आणि बाबांना पेन बाहेर ठेवायला सांगितलं नाही. माझ्याकडून मात्र आजही काढून घेतलं.

घर नंबर सोळा: दुसरेच कुणी. एक चांभार आणि पाच मुलं.  गेली असणार. छातीचा रोग.

मग चौदा नंबर. बेकरीवाला नाही. वारला असणार. पहिली ओळ — आजोबा. कुटुंबप्रमुख, वय तेवीस, पाव भाजतो.

दुसरी ओळ. बाई, वय एकोणपन्नास. बेकरीवाली. नातं: 'आई'.

तिसरी ओळ. बाई, वय अठ्ठेचाळीस. कपडे धुणारी, तीच, तेच नाव. नातं: 'आई'.

एका घरात. एकाखाली एक.

कुणा साहेबाने तपासताना तिसऱ्या ओळीतल्या 'आई'वर लाल पेन्सिलीने गोल केला आहे, पुढे मोठं प्रश्नचिन्ह. कारण असं नसतं. आई एकदा लिहायची असते. आणि त्या प्रश्नचिन्हाशेजारी शिरगणतीवाल्याने, ज्याने घरात जाऊन विचारलं होतं त्याने, आपल्या काळ्या शाईत लिहिलंय — 'बरोबर आहे. पुन्हा जाऊन विचारले. दोघी म्हणतात बरोबर आहे.'

मी मोठ्याने वाचलं. खोलीतल्या सहाही टेबलांनी ऐकलं असेल. कुणी गप्प बसा म्हटलं नाही.

बाबांनी पानाला हात लावला नाही. त्यांना नियम सांगितला होता. फक्त पानावर अगदी वाकले, वास घेतल्यासारखे. आणि म्हणाले, "दोन आज्या."

मफलरवाले म्हणाले, "नक्कल काढून देतो. दोन काढतो."

कधी झालं असेल? बेकरीवाला गेल्यावर? की तिची खोकल्याची ढास पुन्हा सुरू झाली आणि आजोबा पन्नास पावलं चालत जाऊन तिचं बोचकं उचलून घेऊन आले? की बेकरीवालीनेच दार उघडलं? कागदावर हे नाही. कागद दहा वर्षांतून एकदाच दार वाजवतो. मधलं सगळं त्यांचं त्यांनाच माहीत.

मला हे असं माहीत नसणंही आज चाललं. खरंच चाललं.

२१ एप्रिल, मंगळवार

बाबांनी नक्कल चौकटीत बसवायला दिली. चौकटवाल्याने विचारलं, लाल पेन्सिलीचा डाग काढून देऊ का, हल्ली यंत्रावर निघतो. बाबा त्याला म्हणाले, "डाग राहू दे. त्याशिवाय उत्तर कळणार नाही."

२३ एप्रिल, गुरुवार

बाबा दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगतात. दूधवाल्याला सांगून झालं. मीटर बघायला आलेल्या मुलीला सांगून झालं, तिला दोनदा. "आमच्या वडिलांना दोन आया होत्या. सरकारने तपासून लिहिलंय." शेजारच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "मग खरी कुठली?" बाबा म्हणाले, "मास्तर, तुम्हाला वाचता येत नाही का?"

रात्री जेवताना कवळी काढत नाहीत हल्ली. म्हणतात, सवय झाली. तीस वर्षं कवळ्या करतेय, पण असं समाधान एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर बघितलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

खारू आली होती. चौकटीपुढे बराच वेळ उभी राहिली. काही विचारलं नाही. ती विचारत नाही, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आले.

मी कपाटातून लिफाफा काढला आणि तिच्या हातात दिला. तिला जिने जन्म दिला तिने संस्थेत ठेवलेला. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, मुलीने मागितला तर द्या. पंचवीस वर्षांत तिने मागितला नाही — कारण असा लिफाफा आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ह्यांनाही नाही. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही.

तिने लिफाफा उलटा केला. चिकटवलेलाच आहे, हे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी जायला उठले.

"बस," खारू म्हणाली. "माझ्या एकटीच्याने नाही वाचून व्हायचं, आई."